९ मार्च २०१२ नंतर औषधासाठी दुसरा सक्तीचा परवाना का निघाला नाही?

शेवंती

माझ्या आईच्या आजारपणात, म्हणजे २०१६ ते २०१८ या काळात, आमच्या घरी बिस्किटांचा एक चौकोनी पत्र्याचा डबा होता आणि त्यात गोळ्यांच्या रिकाम्या स्ट्रिप जपून ठेवलेल्या असत. औषध पेटंटखालचे होते आणि त्याचा महिन्याचा खर्च माझ्या बँकेतल्या पगाराहून अधिक होता. कंपनीच्या सवलत योजनेत ठरावीक डबे विकत घेतल्यावर पुढचे काही डबे मोफत मिळत. मात्र त्यासाठी उत्पन्नाचा दाखला, सहा महिन्यांचे बँकेचे उतारे आणि वापरलेली प्रत्येक स्ट्रिप परत द्यावी लागे. एकदा आईने सवयीने एक स्ट्रिप केराच्या टोपलीत टाकली आणि रात्री दहा वाजता मी सोसायटीच्या कचराकुंडीपाशी बॅटरी घेऊन ती शोधत होते. ती मिळाली नाही, आणि त्या वेळचा मोफत डबा तीन आठवडे उशिरा आला. औषधाचे आणि कंपनीचे नाव मी मुद्दामच लिहीत नाही, कारण मला कोणाविरुद्ध तक्रार करायची नाही. माझा प्रश्न कायद्याविषयी आहे: पेटंटधारकाच्या संमतीशिवाय दुसऱ्या उत्पादकाला औषध बनवण्याची परवानगी सरकार देऊ शकते, तिला सक्तीचा परवाना म्हणतात.

निवृत्तीनंतर मी सोराफेनिबच्या प्रकरणातील आदेश सावकाशपणे वाचले. सोराफेनिब हे यकृताच्या आणि मूत्रपिंडाच्या बळावलेल्या कर्करोगावरील औषध आहे. बायर कंपनीला त्याचे भारतीय पेटंट मार्च २००८ मध्ये मिळाले आणि १२० गोळ्यांचा, म्हणजे एका महिन्याचा, डबा २,८०,४२८ रुपयांना विकला जात होता. हैदराबादच्या नाटको कंपनीने डिसेंबर २०१० मध्ये बायरकडे स्वेच्छेचा, म्हणजे पेटंटधारकाने आपणहून द्यायचा, परवाना मागितला. तो न मिळाल्यामुळे, पेटंटला तीन वर्षे पूर्ण झाल्यावर, जुलै २०११ मध्ये तिने पेटंट कायद्याच्या कलम ८४ खाली अर्ज केला. ९ मार्च २०१२ रोजी पेटंट कार्यालयाचे तत्कालीन महानियंत्रक पी. एच. कुरियन यांनी सक्तीचा परवाना दिला. महिन्याची किंमत ८,८८० रुपयांहून अधिक नसावी, विक्रीवर बायरला ६ टक्के रॉयल्टी मिळावी आणि दरवर्षी किमान ६०० गरजू रुग्णांना औषध मोफत द्यावे, अशा अटी होत्या. बौद्धिक संपदा अपीलीय मंडळाने मार्च २०१३ मध्ये रॉयल्टी ७ टक्के केली, पण परवाना कायम ठेवला. मुंबई उच्च न्यायालयाने १५ जुलै २०१४ रोजी तो उचलून धरला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप करण्यास नकार दिला.

कलम ८४ तीन प्रश्न विचारते. लोकांची वाजवी गरज भागते आहे का, औषध परवडेल अशा वाजवी किमतीत मिळते आहे का, आणि पेटंटचा वापर भारतात होतो आहे का. यांपैकी एकाचे उत्तर नकारार्थी आले, तरी परवाना देता येतो. येथे तिन्ही उत्तरे नकारार्थी आली. उच्च न्यायालयाने तर औषधाच्या बाबतीत गरज 'पुरेशी' भागणे म्हणजे पूर्णपणे, शंभर टक्के भागणे, असा अर्थ लावला. एखाद्या वस्तूचा तुटवडा आणि औषधाचा तुटवडा यांत न्यायालयाने केलेला हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो.

मी सर्वांत जास्त वेळ थांबले ती जागा मात्र वेगळी होती. गरज भागत नव्हती हे नियंत्रकांना कळले कसे? पेटंटधारकाने पेटंटचा भारतात किती वापर केला, याचे विवरणपत्र कलम १४६ प्रमाणे भरावे लागते. त्याला नमुना २७ म्हणतात. बायरच्या या विवरणांतूनच दिसले की २००८ मध्ये आयात शून्य होती आणि २००९ मध्ये सुमारे २०० डबे. देशात या औषधाची गरज असलेल्या रुग्णांची संख्या मात्र हजारांत होती. निकालाला बळ दिले ते कंपनीनेच सहीनिशी दिलेल्या या आकड्यांनी.

मग पुढे काय झाले? इतका पक्का पाया मिळूनही त्यानंतर एकही सक्तीचा परवाना निघालेला नाही. असे का, हे जाणकारांकडून समजून घ्यावे, यासाठी हा धागा काढला आहे.

रसायनी

मी औषधसंशोधनात बावीस वर्षे काढली आहेत, त्यामुळे दुसरी बाजू मांडणे मला आवश्यक वाटते. २,८०,४२८ आणि ८,८८० हे दोन आकडे शेजारी ठेवले की वाचणाऱ्याला मधली सगळी रक्कम नफा वाटते. दुसऱ्या कंपनीने रेणू शोधलेला नसतो, त्याच्या विषारीपणाच्या चाचण्या केलेल्या नसतात, हजारो रुग्णांवरील चाचण्यांचा भार उचललेला नसतो आणि वाटेत अपयशी ठरलेल्या इतर रेणूंचा खर्चही तिच्या वहीत नसतो. गोळी तयार करण्याचा खर्च आणि औषध तयार होण्याचा खर्च या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पेटंटचे वीस वर्षांचे संरक्षण मिळते ते औषध तयार होण्याच्या खर्चासाठी. त्यातली दहा-बारा वर्षे बाजारात येण्याआधीच संपतात.

हेही मान्य करतो की, हा खर्च प्रत्येक औषधामागे किती झाला ते आमचा उद्योग उघड करत नाही. खर्चाच्या जोरावर किंमत मागायची आणि खर्चाचा हिशेब मात्र दाखवायचा नाही, ही भूमिका मला माझ्या कामाच्या दिवसांतही पटत नव्हती. तरीही सक्तीचा परवाना हे शेवटचे हत्यार असावे, पहिले नव्हे. स्वेच्छेच्या परवान्यांनीही औषधे स्वस्त होतात. एचआयव्ही प्रतिबंधासाठी वर्षातून दोनदा घ्यायच्या लेनाकापाविर इंजेक्शनचे परवाने ऑक्टोबर २०२४ मध्ये सहा उत्पादकांना १२० देशांसाठी दिले गेले, आणि त्यांत भारतीय कंपन्या आहेत.

शेवंती

रसायनी, संशोधनाला मोबदला मिळू नये असे मी म्हटलेले नाही. ७ टक्के रॉयल्टी हा मोबदलाच आहे, तो पुरेसा आहे की नाही यावर चर्चा होऊ शकते. परंतु स्वेच्छेचा परवाना आणि आमच्या घरची सवलत योजना यांत एक साम्य आहे. दोन्हींत कोणाला, किती आणि केव्हा द्यायचे हे देणारा ठरवतो. माझी आई त्या योजनेत बसली, कारण माझ्याकडे बँकेचे उतारे काढून त्यांची फाईल लावण्याची सवय होती. त्याच रांगेत परभणीहून आलेले एक गृहस्थ होते, त्यांची शेती तीन भावांच्या सामाईक नावावर होती आणि उत्पन्नाचा दाखला कोणाच्या नावाने काढायचा, हेच त्यांना उलगडत नव्हते.

मुचकुंद

मूळ प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न करतो. मी पेटंटच्या खटल्यांत काम करणारा वकील आहे.

सोराफेनिबनंतर दोन अर्ज गाजले आणि दोन्ही फेटाळले गेले. मुंबईच्या बीडीआर फार्मास्युटिकल्सने रक्ताच्या कर्करोगावरील डॅसॅटिनिबसाठी अर्ज केला. पेटंटधारकाने वाटाघाटींत काही प्रश्न विचारले होते, त्यांना उत्तर न देता अर्जदार वर्षभराने थेट नियंत्रकांकडे आला. स्वेच्छेचा परवाना मिळवण्याचा प्रामाणिक प्रयत्न झालेला नाही, या कारणाने ऑक्टोबर २०१३ मध्ये अर्ज प्राथमिक पातळीवरच संपला. हा धडा प्रक्रियेचा आहे आणि तो योग्यच आहे.

दुसरे प्रकरण शेवंती यांच्या मुद्द्याशी थेट जोडलेले आहे. ली फार्माने मधुमेहावरील सॅक्साग्लिप्टिनसाठी अर्ज केला. जानेवारी २०१६ मध्ये तो फेटाळताना नियंत्रकांनी म्हटले की त्याच गटातील इतर औषधे बाजारात आहेत, त्यामुळे नेमके हेच औषध किती रुग्णांना हवे आणि त्यांपैकी किती जणांना मिळत नाही, हे अर्जदाराने दाखवलेले नाही. देशातील एकूण मधुमेहींची संख्या देऊन हे सिद्ध होत नाही, हे खरे आहे. पण मग ही संख्या आणायची कोठून? औषध कोणत्या रुग्णालयात किती गेले याची नोंद पेटंटधारकाकडे असते, अर्जदाराकडे नसते.

त्या नोंदीचा जो तुकडा कायद्याने लोकांसमोर येत होता, तो नमुना २७. दिवंगत प्राध्यापक शमनाद बशीर यांनी, ही विवरणे भरलीच जात नाहीत किंवा अपुरी भरली जातात, अशी जनहित याचिका २०१५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात केली. कायद्यात दंडाची तरतूद असूनही कारवाई होत नव्हती. न्यायालयाने २०१८ मध्ये सरकारकडून नमुना सुधारण्याचा कार्यक्रम मागून घेतला. सुधारणा झाली, पण ती उलट्या दिशेने गेली. २०२० च्या नियमांनी किती नग तयार केले वा आणले, हा रकाना काढला आणि अंदाजे उत्पन्नाचा आकडा तेवढा ठेवला. मार्च २०२४ च्या नियमांनी तोही काढला आणि दरवर्षीचे विवरण तीन वर्षांतून एकदा केले. आता वापर होतो की नाही, आणि होत असल्यास उत्पादनाने की आयातीने, एवढेच कळते.

यामागे अनुपालनाचा भार हलका करण्याचा हेतू होता, आणि एकेका यंत्रात शेकडो पेटंटे वापरणाऱ्या दूरसंचार कंपन्यांची अडचण खरीही होती. औषधाचे मात्र तसे नाही; तेथे एका औषधामागे मोजकी पेटंटे असतात आणि विक्रीचा आकडा कंपनीला रोजच्या रोज माहीत असतो. औषधांसाठी जुना रकाना ठेवता आला असता. तो ठेवला नाही, आणि माझ्या मते तुमच्या प्रश्नाच्या उत्तराचा मोठा भाग तेथे आहे.

उरलेला भाग व्यापाराचा आहे. कलम ८४ खाली अर्ज करण्याचा अधिकार कोणत्याही हितसंबंधी व्यक्तीला आहे, परंतु परवाना वापरायला कारखाना लागतो. आज अनेक मोठ्या भारतीय कंपन्यांचे परदेशी पेटंटधारकांशी विक्रीचे, वितरणाचे आणि स्वेच्छा-परवान्यांचे करार आहेत. ते पणाला लावून एका औषधासाठी कोण भांडेल?

कृष्णाकाठ

मी जिल्हा पातळीवर क्षयरोगाचे रुग्ण पाहतो. सक्तीच्या परवान्यापर्यंत जाण्याआधीचा एक टप्पा असतो आणि तो रुग्णांच्या हातात असतो, हे येथे नोंदवावेसे वाटते.

औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगासाठी आम्ही पूर्वी कॅनामायसिनची इंजेक्शने महिनोन्महिने, जवळजवळ रोज देत असू. त्यांनी काही रुग्णांचे ऐकणे कायमचे जाते. माझ्याकडे एक मुलगी तपासणीला येई. एके दिवशी दारातून तिला हाक मारली तर ती वळली नाही, आणि मला जे समजायचे ते समजले. बेडाक्विलिनच्या गोळ्या आल्यावर इंजेक्शनाची गरज संपत गेली. ते जॉन्सन अँड जॉन्सनच्या पेटंटखाली होते. मूळ रेणूचे पेटंट जुलै २०२३ मध्ये संपणार होते, पण त्याच औषधाच्या फ्युमरेट क्षारासाठी कंपनीचा वेगळा अर्ज प्रलंबित होता. तो मंजूर झाला असता तर मक्तेदारी आणखी चार वर्षे, २०२७ पर्यंत लांबली असती.

या अर्जाला २०१९ मध्ये हरकत घेतली ती क्षयातून बऱ्या झालेल्या दोन स्त्रियांनी: मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले. दोघींचेही ऐकणे उपचारांत गेले होते. मुंबईच्या पेटंट कार्यालयाने २३ मार्च २०२३ रोजी कंपनीचा अर्ज फेटाळला आणि मूळ पेटंट संपताच भारतीय उत्पादकांना वाट मोकळी झाली. जागतिक खरेदीतही सहा महिन्यांच्या उपचाराची किंमत त्याच वर्षी बरीच खाली आली.

येथे कोणाचे पेटंट हिरावून घेतले गेले नाही. कंपनीला मूळ शोधाचा पूर्ण काळ मिळाला. जे शोध म्हणण्याजोगे नव्हते, तेवढे नाकारले गेले.

पाणवठा

कृष्णाकाठ यांनी सांगितले ते कलम ३(ड) चे काम आहे ना? कर्करोगावरील ग्लिव्हेक या औषधाच्या खटल्यात तेच गाजले होते, असे आठवते. आणि दुसरा प्रश्न असा की २०२१ च्या एप्रिलमध्ये कोविडवरील रेमडेसिविर इंजेक्शनासाठी पुण्यात-नागपुरात लोक रात्रभर रांगेत उभे होते, तेव्हा सरकारने सक्तीचा परवाना का काढला नाही?

मुचकुंद

पहिल्या प्रश्नाचे उत्तर होय. ज्ञात पदार्थाच्या नव्या रूपाची परिणामकारकता वाढल्याचे दाखवल्याशिवाय पेटंट नाही, हे कलम ३(ड) २००५ च्या दुरुस्तीने आजच्या रूपात आले. ग्लिव्हेक म्हणजे नोव्हार्टिसचे इमॅटिनिब मेसिलेट; त्याच्या बीटा स्फटिकरूपाला याच कलमाखाली नकार मिळाला आणि १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. आफताब आलम आणि न्या. रंजना देसाई यांच्या पीठाने औषधाच्या बाबतीत परिणामकारकता म्हणजे रोग बरा करण्यातील परिणामकारकता, असा निर्वाळा दिला. स्फटिक अधिक टिकाऊ असणे किंवा पावडर सहज वाहणे एवढे पुरत नाही. त्या अर्जाला हरकत घेणाऱ्यांत मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन होती, म्हणजे तेथेही रुग्णांची बाजू मांडणारेच पुढे होते.

रेमडेसिविरचे उत्तर वेगळे आहे. तेथे पेटंटधारक गिलियड कंपनीने मे २०२० पासूनच भारतीय कंपन्यांना स्वेच्छेचे परवाने दिले होते. टंचाई उत्पादनाच्या नियोजनाची आणि वितरणाची होती. शिवाय जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्येच त्या औषधाच्या वापराविरुद्ध सशर्त शिफारस केली होती, हे रांगेतल्या कोणालाही सांगितले गेले नाही, याचे मला आजही दुःख होते. सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२१ च्या आदेशात कलम ९२ (आणीबाणीतील सक्तीचा परवाना) आणि कलम १०० (सरकारने स्वतःसाठी पेटंट वापरणे) यांचा विचार करण्यास केंद्राला सुचवले. मुख्य अडचण कच्च्या मालाची आहे आणि हे अधिकार वापरल्यास उलट परिणाम होईल, असे केंद्राने उत्तरादाखल म्हटले. त्याच केंद्राने २ ऑक्टोबर २०२० रोजी दक्षिण आफ्रिकेबरोबर जागतिक व्यापार संघटनेत कोविडपुरते बौद्धिक संपदेचे नियम शिथिल करण्याचा प्रस्ताव मांडला होता, आणि जून २०२२ मध्ये त्यातून हाती आला तो केवळ लशींपुरता तोकडा निर्णय. जिनिव्हात, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेत, मागायचे आणि घरी जे कलम हाताशी आहे ते वापरायचे नाही, ही विसंगती मला समर्थनीय वाटत नाही.

टेम्सकाठ

विलायतेतून एक भर घालतो. २४ जुलै २०२५ रोजी भारत आणि ब्रिटन यांच्या व्यापारी करारावर सह्या झाल्या. त्याच्या बौद्धिक संपदेच्या प्रकरणात औषधे लोकांपर्यंत पोहोचवण्याचा इष्ट मार्ग म्हणजे स्वेच्छेचे परवाने, अशा आशयाचे वाक्य आहे. जागतिक व्यापार संघटनेच्या दोहा जाहीरनाम्याने नोव्हेंबर २००१ मध्ये प्रत्येक देशाला सक्तीचा परवाना देण्याचा आणि त्याची कारणे ठरवण्याचा अधिकार स्पष्ट शब्दांत मान्य केला, आणि तो घडवण्यात भारत आघाडीवर होता. नव्या वाक्याने हा अधिकार जात नाही. परंतु उद्या एखादा नियंत्रक परवाना देऊ लागला, तर पहिल्या सुनावणीत त्याच्यासमोर हेच वाक्य ठेवले जाईल.

रसायनी

चर्चेतून माझ्या मतात थोडा फरक पडला, तो लिहितो. मुचकुंद यांनी सांगितलेल्या रकान्याविषयी मी अनभिज्ञ होतो. किती डबे विकले हे सांगण्याने कोणतेही व्यापारी गुपित फुटत नाही. बाजाराची पाहणी करणाऱ्या संस्था ते आकडे विकतातच, फक्त ते विकत घेण्याची ऐपत रुग्णांकडे नसते.

एक सावधगिरीचा मुद्दा मात्र राहतो. पुढची महागडी औषधे बहुतांशी जैविक आहेत, जिवंत पेशींत तयार होणारी. त्यांत पेटंटाचा परवाना हातात पडला तरी पेशींचा वाण आणि प्रक्रियेचे बारकावे पेटंटाच्या कागदावर नसतात. तेथे कलम ८४ एकटे पुरणार नाही, जैवसमान औषधांची, म्हणजे मूळ जैविक औषधासारख्याच दुसऱ्या कंपन्यांच्या औषधांची, मंजुरी वेगाने व्हावी लागेल.

मुचकुंद

सहमत. आणि रासायनिक औषधांतही लढाईची जागा आता बदलली आहे. पाठीच्या कण्यातील स्नायूशोषाच्या आजारावरील रिस्डिप्लामची बाटली रोशकडून सहा लाखांच्या आसपास किमतीला येत होती. नाटकोने परवाना मागितला नाही. पेटंटच टिकणारे नाही, अशी भूमिका घेऊन ती उत्पादनात उतरली. दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये मनाई हुकूम नाकारला, ऑक्टोबरमध्ये खंडपीठाने तो निर्णय कायम ठेवला, सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप केला नाही आणि बाटली १५,९०० रुपयांना बाजारात आली. त्या रुग्णांसाठी ही मोठीच गोष्ट आहे. पण हा मार्ग पेटंट दुबळे असेल तेथेच चालतो. पेटंट भक्कम आहे, शोध अस्सल आहे आणि तरीही औषध लोकांना परवडत नाही, अशा प्रसंगासाठीच कलम ८४ लिहिले गेले होते, आणि नेमके तेच पडून आहे.

शेवंती, आपल्या आईच्या औषधाची जुनी विवरणे पाहता येतील. पेटंट क्रमांक माहीत असेल तर पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर ती विनामूल्य उघडतात. २०२० पूर्वीच्या वर्षांत नगांचा रकाना असेल.

शेवंती

काल संध्याकाळी पाहिले. क्रमांक शोधायला दोन तास लागले, विवरण उघडायला दोन मिनिटे. अलीकडच्या पत्रकात पेटंटचा वापर होत असल्याची खूण आहे आणि 'आयात' या शब्दासमोर दुसरी खूण आहे.

नंतर २०१७ चे उघडले, ज्या वर्षी ती स्ट्रिप हरवली होती. त्या पत्रकात किती डबे भारतात आणले याचा रकाना आहे. आमच्याकडून प्रत्येक रिकामी स्ट्रिप मोजून घेतली जात होती, त्या वर्षीच्या त्या रकान्यात लिहिले आहे की माहिती संकलित करण्याचे काम सुरू असून ती उपलब्ध होताच सादर करण्यात येईल. त्यानंतरचे पूरक पत्रक मला सापडले नाही. मुचकुंद, माहितीच्या अधिकारात ते मागता येईल का, आणि अर्ज मुंबईच्या कार्यालयात करायचा की जेथून पेटंट मंजूर झाले तेथे?